म्हाताऱ्यांसाठी राखलेली भाषा : 'लीळाचरित्रा'चे इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे दायित्व

1

महानुभाव परंपरेने 'स्मृतिस्थळा'त जपलेली एक आठवण मराठी वाङ्मयेतिहासाच्या बहुतेक ग्रंथांतून सांगितली जाते. चक्रधरांच्या पश्चात पंथाची धुरा वाहणारे नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांच्या सान्निध्यात असलेले केशिराजबास हे संस्कृतज्ञ पंडित. ते संस्कृतात रचना करू लागले तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबविले. संस्कृतात ग्रंथ झाला तर आपल्या स्वामींच्या परिवारातील म्हाताऱ्या त्याला मुकतील, असे कारण त्यांनी दिले.

या आठवणीचा अन्वयार्थ सामान्यतः 'मराठीचा अभिमान' असा लावला जातो. तो चुकीचा आहे असे नाही. मात्र भटोबासांनी दिलेल्या कारणात मराठीच्या गुणांचा उल्लेखही नाही. मराठी गोड आहे, समर्थ आहे, संस्कृतच्या तोडीची आहे, असे ते म्हणत नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर भाषा नाही. ऐकणारी व्यक्ती आहे. ही व्यक्ती वृद्ध आहे, स्त्री आहे आणि तिला शास्त्राध्ययनाचा अधिकार नाही. भाषेची निवड ही या श्रोत्याशी असलेल्या बांधिलकीतून झालेली नैतिक निवड आहे. केशिराजांनी पुढे 'सूत्रपाठ' आणि 'दृष्टांतपाठ' यांची संकलने मराठीत केली. 'रत्नमालास्तोत्र' ही त्यांची संस्कृत कृतीही परंपरेने टाकून दिली नाही. संस्कृतचा द्वेष हा त्या निर्णयाचा आधार नव्हता, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सात शतकांनंतर हेच वाङ्मय दुसऱ्या एका सत्तेच्या भाषेत, इंग्रजीत, नेले जात आहे. तेराव्या शतकात संस्कृतला जी प्रतिष्ठा होती आणि तिच्यामुळे जे वगळले जात होते, त्या दोहोंचा वारसा आज बऱ्याच अंशी इंग्रजीकडे आला आहे. अशा स्थितीत जो प्रश्न उपस्थित होतो तो भाषांतरतंत्राचा नसून नीतीचा आहे. सत्तेच्या भाषेला नकार देऊन जन्मलेली संहिता सत्तेच्या भाषेत नेणे हा त्या नकाराचा भंग आहे काय? आणि नसेल, तर भाषांतरकाराने कोणती अट पाळली असता तो भंग ठरत नाही?

2

हा प्रश्न मराठीपुरता नाही. त्याचा सर्वांत बोधप्रद समांतर दाखला युरोपच्या पश्चिम टोकाला, आयर्लंडमध्ये सापडतो. मारिया टिमोच्को यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राचीन आयरिश साहित्याच्या इंग्रजी भाषांतरांचा वसाहतोत्तर दृष्टीने विचार केला आहे. भाषांतरात संहिता कधीच समग्र उतरत नाही. तिचा कोणता तरी अंश संपूर्ण संहितेचा, आणि पर्यायाने संपूर्ण संस्कृतीचा, प्रतिनिधी म्हणून पुढे केला जातो. तो अंश कोणता, हे ठरविण्यात सत्ताकारण असते. त्यांच्या विवेचनाचा हा गाभा मराठी अभ्यासकालाही उपयोगी पडणारा आहे.

प्राचीन आयरिश साहित्यातील 'टॉइन बो कूलन्या' ही एका बैलासाठी झालेल्या युद्धाची कथा. बाराव्या शतकातील एका हस्तलिखितात ती संपते तेथे लेखनिकाने दोन समारोप जोडले आहेत. पहिला आयरिश भाषेत आहे : ही कथा जो कोणताही बदल न करता निष्ठेने मुखोद्गत करील त्याचे कल्याण असो, असा त्याचा आशय. दुसरा लॅटिनमध्ये आहे. त्यात हाच लेखनिक सांगतो, की या कथेवर आपला विश्वास नाही. तिच्यात काही सैतानी भ्रम आहेत, काही कविकल्पना आहेत, काही शक्य कोटीतले आहे तर काही नाही, आणि काही भाग मूर्खांच्या करमणुकीसाठी आहे. हात एकच, पान एकच. भाषा बदलताच निवाडा बदलतो. आयरिशमध्ये लेखनिक आपल्या लोकांसमोर उभा आहे, लॅटिनमध्ये चर्चच्या विद्वत्तेसमोर. सत्तेची भाषा आपल्याबरोबर स्वतःचा वाचक घेऊन येते, आणि त्या वाचकासमोर लिहिणाऱ्याला आपल्याच वारशाची लाज वाटू लागते.

सुमारे साडेसात शतकांनी लॅटिनच्या जागी इंग्रजी आली. 1899 साली शिक्षणविषयक चौकशीसमोर साक्ष देताना डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील प्राध्यापक रॉबर्ट ॲटकिन्सन यांनी प्राचीन आयरिश साहित्य हीन अभिरुचीचे असल्याचा निर्वाळा दिला. ॲटकिन्सन स्वतः जुन्या आयरिशचे जाणकार होते, ही गोष्ट या निर्वाळ्याला अधिक धार आणते. या व अशा आक्षेपांना उत्तर म्हणून जे ग्रंथ निर्माण झाले त्यांत लेडी ग्रेगरी यांचा 1902 सालचा 'कू खुलिन ऑफ म्युरथेम्नी' हा ग्रंथ अग्रगण्य आहे. त्याची प्रस्तावना येट्स यांनी लिहिली. आयर्लंडला स्वतःचे महाकाव्य आहे, स्वतःचा वीरपुरुष आहे, हे जगाला दाखविण्याचे काम त्या ग्रंथाने केले, आणि ते काम लहान नव्हते.

पण तो ग्रंथ सिद्ध होताना काय गळाले? मूळ कथेत वीररसाच्या शेजारी हास्य आहे, कुरूपता आहे, देहधर्मांचा निःसंकोच उल्लेख आहे. युद्धाच्या अखेरीस मेव्ह राणीला ऋतुस्राव होतो, फर्गस तिच्या सैन्याची पिछाडी सांभाळतो आणि कू खुलिन त्या अवस्थेत तिच्यावर वार करीत नाही, असा एक प्रसंग आहे. लेडी ग्रेगरींच्या कथनात अशा गोष्टींना जागा नाही. आपल्या ग्रंथाची अर्पणपत्रिका त्यांनी किल्टार्टनच्या ग्रामस्थांना उद्देशून लिहिली आहे, आणि तुम्हांला रुचणार नाही असे बरेच काही वगळले आहे, अशी कबुली तीत दिली आहे.

भटोबास आणि लेडी ग्रेगरी यांची तुलना येथे अपरिहार्य ठरते. दोघांनीही आपल्या निवडीचे समर्थन सामान्य श्रोत्याच्या नावाने केले. भटोबासांनी म्हाताऱ्यांचे नाव घेतले ते त्यांना आत घेण्यासाठी. लेडी ग्रेगरींनी ग्रामस्थांचे नाव घेतले ते संहितेतील काही बाहेर ठेवण्यासाठी. प्रत्यक्षात त्या वगळण्यामागे किल्टार्टनच्या शेतकऱ्याची रुची किती आणि डब्लिन-लंडनच्या सुशिक्षित वाचकाची भीती किती, हे विचारण्यास पुरेसा आधार आहे. वसाहतीतला भाषांतरकार अनेकदा दोन वाचकांपुढे उभा असतो : ज्याचे नाव तो घेतो तो एक, आणि ज्याला तो घाबरतो तो दुसरा.

देशाला स्वातंत्र्य मिळून बरीच वर्षे लोटल्यावर, 1969 साली, कवी टॉमस किन्सेला यांनी 'टॉइन'चे भाषांतर केले तेव्हा वगळलेले बरेच काही परत आले. दरम्यानच्या काळात वीरपुरुषाची गरज कमी झाली होती. राष्ट्राला स्वतःला सिद्ध करण्याची निकड उरत नाही तेव्हा त्याचे साहित्य आपल्या विक्षिप्तपणासह वावरू शकते, असा याचा अर्थ घेता येईल.

3

मराठीच्या संदर्भात वासाहतिक काळातील भाषांतरांचा पट पाहिला तर कोणता अंश 'प्रतिनिधी' म्हणून निवडला गेला, हे लगेच दिसते. मुंबई सरकारच्या आश्रयाने तुकारामांची गाथा 1869 आणि 1873 साली दोन भागांत छापली गेली. फ्रेझर आणि मराठे यांनी तिचे इंग्रजी भाषांतर 1909 ते 1915 या काळात तीन खंडांत सिद्ध केले. निकोल मॅकनिकल यांनी 1919 साली मराठी संतांच्या निवडक अभंगांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच अभंगांना 'साम्स' म्हटले आहे. बायबलमधील स्तोत्रांचा हा शब्द अभंगावर बसविला की अभंगाचे अर्धे भाषांतर शीर्षकातच उरकते. जस्टिन ॲबट यांनी 1926 पासून महाराष्ट्रातील संतकवींवर इंग्रजी ग्रंथमाला चालविली. या मंडळींचे परिश्रम आणि मराठीवरील त्यांचे प्रेम यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या चौकटीत बसला तो आत्मनिवेदन करणारा, पश्चात्तापदग्ध, एकेश्वराकडे झुकणारा भक्त. दिलीप चित्रे यांनी 1991 साली 'सेज तुका'मध्ये आणि अरुण कोलटकरांनी आपल्या तुकाराम-जनाबाईंच्या भाषांतरांत ही चौकट मोडून त्या कवींचा रोखठोक स्वर इंग्रजीत आणला. आयर्लंडमध्ये किन्सेलांनी जे केले त्याच्याशी याचे नाते आहे.

महानुभाव वाङ्मय मात्र या सर्व व्यवहाराच्या बाहेर राहिले. त्याचे एक कारण लिपी हे होते. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत राजवाडे, भावे, य. खु. देशपांडे आदी संशोधकांच्या प्रयत्नांनी आणि पंथातील काही महंतांच्या सहकार्याने ती कुलपे उघडली गेली, आणि 1936 पासून ह. ना. नेने यांनी 'लीळाचरित्र' छापून वाचकांसमोर आणले. तोवर इंग्रजीत महानुभाव पंथ होता तो वाङ्मयाच्या दालनात नव्हे, तर जातिवर्णनाच्या. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 सालच्या मध्य प्रांतातील जातिजमातींविषयीच्या ग्रंथात 'मानभाव' या नावाखाली त्यांची स्वतंत्र नोंद आहे.

या नावापाशी थांबणे आवश्यक आहे. 'महानुभाव'चे 'मानभाव' झाले, आणि 'मानभावी' हा शब्द वरवर गोड बोलणारा दांभिक या अर्थाने मराठीत रूढ झाला. तो आजही सर्रास वापरला जातो, आणि वापरणाऱ्याला त्याच्या उगमाची जाणीव क्वचितच असते. याचा अर्थ असा, की एका समाजाला बदनाम करण्याचे काम वासाहतिक ग्रंथकारांच्या आधी मराठीनेच केलेले होते. भाषांतराच्या वसाहतोत्तर चर्चेत देशी भाषा निष्पाप आणि इंग्रजी तेवढी अपराधी, अशी वाटणी गृहीत धरली जाते. 'मानभावी' हा एक शब्द ती वाटणी मोडून काढण्यास पुरेसा आहे.

4

महानुभाव ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतराचे काम प्रामुख्याने 1980 नंतर झाले, म्हणजे राज्यकर्त्यांच्या हातून नव्हे तर विद्यापीठीय अभ्यासकांच्या हातून. ॲन फेल्डहाउस यांनी 1983 साली 'सूत्रपाठ', 1984 साली गोविंदप्रभूंचे चरित्र आणि 1992 साली शं. गो. तुळपुळे यांच्यासमवेत 'स्मृतिस्थळ' इंग्रजीत आणले. लंडनमधील आय. एम. पी. रेसाइड यांनी 1989 साली 'गद्यराज' भाषांतरित केले. 'लीळाचरित्रा'च्या फेल्डहाउसकृत भाषांतराचा पहिला खंड 2024 साली मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या मालेत प्रसिद्ध झाला. या खंडात डाव्या पानावर देवनागरीत मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी अशी मांडणी आहे.

ही भाषांतरे लेडी ग्रेगरींच्या मार्गाने गेलेली नाहीत. संहितेला भारदस्त करण्याचा मोह त्यांत नाही, आणि हे महत्त्वाचे आहे. कारण तसा मोह व्हावा असे या संहितांत पुष्कळ आहे. रिद्धपूरचे गोविंदप्रभू हे लौकिक अर्थाने वेडे वाटावेत असे पुरुष. ते कोणाच्याही घरात शिरतात, मुलांसारखे खेळतात, खाण्यासाठी हट्ट धरतात, समोरच्याला शिव्या देतात, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत जातात. त्यांच्या लीळा लिहिणाऱ्याने यांतील काहीही झाकलेले नाही. देवत्व आणि विक्षिप्तपणा यांची फारकत करावी असे त्याला वाटलेच नाही. ती फारकत आधुनिक वाचकाला करावीशी वाटते, आणि त्या वाटण्यामागे आपला 'संत' हा नमुना एकोणिसाव्या शतकात कसा घडला याचा इतिहास दडलेला आहे.

भाषांतराचे खरे पेच मात्र शब्दागणिक आहेत. 'लीळाचरित्रा'त चक्रधरांचा उल्लेख 'गोसावी' असा येतो. त्याला 'लॉर्ड' म्हणावे तर बायबलचा सूर लागतो; 'गोसावी' तसाच ठेवावा तर इंग्रजी वाचकाला तो नुसता ध्वनी राहतो. आजच्या मराठी वाचकाची स्थितीही याहून फार वेगळी नाही. त्याच्या कानाला गोसावी म्हणजे भिक्षेकरी किंवा आडनाव. चक्रधर स्त्रियांना 'बाइ' असे संबोधतात. आज 'बाई' शब्दाच्या वाट्याला शाळेतल्या शिक्षिकेपासून घरकाम करणारीपर्यंत इतकी नाती आली आहेत, की त्या जुन्या संबोधनातील आदर आणि जवळीक यांचे मिश्रण मराठीतही समजावून सांगावे लागते.

'विटाळ' हा शब्द याहून कठीण आहे. मासिक पाळीच्या विटाळाविषयी चक्रधरांनी केलेले विवेचन महानुभाव परंपरेने जपले आहे. शरीराच्या निरनिराळ्या द्वारांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच हाही एक. त्यात वेगळे अपवित्र ते काय, असा त्याचा आशय. इंग्रजीत 'विटाळा'साठी रूढ झालेला 'पोल्यूशन' हा शब्द मानववंशशास्त्राने घडविलेला आहे. गिरणीच्या धुराला आणि नदीतल्या सांडपाण्यालाही तोच वापरतात. त्यातून एक संकल्पना कळते, पण घराच्या कोपऱ्यात तीन दिवस बाजूला बसलेली बाई दिसत नाही. मराठी वाचकाला ती दिसते, कारण तिला त्याने पाहिलेले असते. मेव्ह राणीचा ऋतुस्राव आयरिश भाषांतरकारांनी गाळला तो लाजेपोटी. येथे गाळण्याचा प्रश्न नाही. येथे शब्द येतो, आणि त्यातली बाई गळते.

आणखी एक गोष्ट तंत्राची वाटते, पण तिला नैतिक बाजू आहे. सुमारे 1278 साली म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' संकलित केले ते चक्रधरांना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून. जेथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेथे दुसरी आठवण सांगणाऱ्याच्या नावासह नोंदविण्याची पद्धत या ग्रंथात दिसते. मूळ ग्रंथ पुढे धामधुमीत हरवला आणि पुन्हा आठवणींच्या आधारे सिद्ध झाला, त्यामुळे पाठभेदांची आणखी भर पडली. सरळ, एकजिनसी, वाचनीय इंग्रजी ग्रंथ करावयाचा तर हे भेद तळटीपांत ढकलावे लागतात. परंतु असहमत आठवणींना नावानिशी जागा देणे हीच या ग्रंथाची सत्यकल्पना आहे. त्या म्हणणाऱ्यांत स्त्रियाही आहेत. त्यांचे 'मला वेगळे आठवते' हे वाक्य तळटीपेत गेले, तर भटोबासांच्या म्हाताऱ्या पुन्हा एकदा बाहेर बसल्या असे म्हणावे लागेल.

5

यावर दोन दिशांनी आक्षेप येतील. पहिला देशीवादी भूमिकेचा : मुळात इंग्रजीत नेण्याची गरजच काय? ज्या व्यवहारात देशी साहित्य कच्चा माल म्हणून बाहेर जाते आणि त्यावरील सिद्धान्त पक्का माल होऊन परत येतात, त्यात सामील होणे हीच शरणागती. या आक्षेपात तथ्य आहे. गणेश देवी यांनी 1992 साली 'आफ्टर ॲम्नेशिया'मध्ये ज्या सांस्कृतिक स्मृतिभ्रंशाचे निदान केले त्याचा हा व्यवहार एक भाग आहे. तथापि भटोबासांचा दाखला या आक्षेपाच्या बाजूने वापरता येत नाही. त्यांनी राखली ती म्हातारी; मराठी राखली गेली ती तिच्यामुळे. तिला समजणारी भाषा उद्या दुसरी झाली असती तर त्यांच्या युक्तिवादाने ती दुसरी भाषाच निवडावी लागली असती.

या विधानाला इतिहासाने एक चमत्कारिक पुरावा पुरविला आहे. महानुभाव पंथ उत्तरेकडे पंजाबात पसरला; तेथे तो 'जयकृष्णी' या नावाने ओळखला जातो. तेथील अनुयायांनी धर्मग्रंथांची भाषा म्हणून मराठी जपली, हस्तलिखिते सांभाळली, पाठांतरे केली. मराठी माणसाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण पंजाबी घरातील म्हातारीच्या बाजूने पाहिले तर तिच्या कानावर पडणारी मराठी ही पवित्र आणि दुर्बोध होती. सामान्यांसाठी संस्कृत नाकारून निवडलेली भाषा नर्मदेच्या उत्तरेस गेल्यावर स्वतःच संस्कृतच्या जागी जाऊन बसली. सत्तेची भाषा म्हणून कोणत्याही भाषेच्या कपाळावर कायमचा शिक्का नसतो. ती कोणासमोर बोलली जाते यावर ते ठरते.

दुसरा आक्षेप तेजस्विनी निरंजना यांच्या 1992 सालच्या 'साइटिंग ट्रान्स्लेशन'मधून येतो. ए. के. रामानुजन यांनी 1973 साली 'स्पीकिंग ऑफ शिवा'मध्ये केलेली वचनांची भाषांतरे ख्रिस्ती आणि आधुनिकतावादी काव्यदृष्टीच्या साच्यात संहितेला नकळत बसवितात, अशी त्यांची टीका आहे. खडबडीतपणा टिकविणारे पुनर्भाषांतर हा त्यांचा उपाय. ही टीका मार्मिक आहे, पण तिचा श्रोताही इंग्रजीतच बसलेला आहे. इंग्रजी वाचकाला संहिता परकी वाटावी की ओळखीची, यावरच वाद होत राहतो, आणि मूळ भाषेतील आजचा वाचक दोन्ही पक्षांच्या नजरेबाहेर राहतो. भटोबासांचा प्रश्न मात्र त्याच वाचकाविषयी आहे.

6

तो वाचक, किंवा ती श्रोती, आज कोठे आहे? नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने ईशान्येकडे निघाले की निफाड तालुक्यातील ओझर लागते. तेथील विमानांच्या कारखान्याची स्थापना 1964 सालची; सोव्हिएत परवान्याखाली मिग विमाने तेथे बांधली गेली. ओझरपासून जवळच सुकेण्याला महानुभावांचे देवस्थान आहे. चक्रधरांच्या लीळा ज्या गोदातीरी घडल्या त्यात नाशिक आणि त्र्यंबक यांचाही समावेश होतो, तेव्हा हा मुलूख त्या ग्रंथाला परका नाही. एकाच परिसरात पोथी ऐकणारी आजी आणि इंग्रजी शाळेतून अभियांत्रिकीकडे निघालेली नात असणे ही ओझरसारख्या गावातील साधी वस्तुस्थिती आहे.

या दोघींपैकी 'लीळाचरित्र' कोणाला वाचता येते? आजीला ते निरूपणातून, अर्थ सांगणाऱ्याच्या तोंडून कळते. तेराव्या शतकातील गद्य तिलाही जसेच्या तसे उमगत नाही. नातीला मूळ वाचता येत नाही, आणि पोथीच्या निरूपणाला ती बसत नाही. उद्या तिच्या हाती हा ग्रंथ आलाच तर तो इंग्रजीतून येण्याची शक्यता अधिक. डाव्या पानावरील देवनागरी तिला उच्चारता येईल, आणि अर्थासाठी नजर उजवीकडे वळेल. ज्या ग्रंथाने म्हाताऱ्यांसाठी मराठी राखली त्याच्यापर्यंत म्हातारीची नात इंग्रजीच्या दाराने पोहोचेल.

ही स्थिती विद्यापीठातही वेगळी नाही. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांनी 1999 साली सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश हे या क्षेत्रातील अनिवार्य साधन आहे, आणि त्यातील अर्थ इंग्रजीत दिलेले आहेत. रॉयल आयरिश अकादमीने 1913 ते 1976 या काळात प्रसिद्ध केलेल्या जुन्या आयरिशच्या महाकोशातही अर्थ इंग्रजीतच आहेत. आयर्लंडमध्ये बहुसंख्यांची बोलभाषा इंग्रजी झाली, म्हणून तेथे त्याचे समर्थन करता येते. महाराष्ट्रात तसे झालेले नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी तेराव्या शतकातील मराठी शब्द इंग्रजीतून समजून घेऊन एकविसाव्या शतकातील मराठीत उत्तर लिहितो, यात दोष कोशकारांचा नाही. ज्यांनी त्याच्या तोडीचे काम मराठीतून केले नाही त्यांचा आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यापूर्वी 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभारण्याची घोषणा झाली होती, आणि ते विद्यापीठ पुढे अस्तित्वातही आले. गोविंदप्रभूंच्या गावाला हा मान मिळणे यथोचितच आहे. पण अभिजाततेच्या घोषणेबरोबर प्राचीन वाङ्मय जगापुढे मांडण्याचा उत्साह वाढतो, आणि नेमका येथेच लेडी ग्रेगरींचा मोह परत येतो. जगापुढे जायचे तर नेटके होऊन जावे, वेडा गुंडम राउळ मागे ठेवावा, विटाळाची चर्चा 'सामाजिक सुधारणा' या भारदस्त नावाखाली आणावी, परस्परविरोधी आठवणींची एकच सुबक कथा करावी, असे वाटू लागते. या साफसुफीला परकीय सत्तेची गरज नसते. ती आपल्याच हातांनी, आपल्याच गौरवासाठी केली जाते. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या 'लीळाचरित्रा'तील काही मजकुराला पंथातील काही अनुयायांनी आक्षेप घेतला होता, हेही येथे आठवावे. श्रद्धावानाच्या दुखावण्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. शतकानुशतके 'मानभावी' म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजाने आपल्या ग्रंथाविषयी हळवे असणे समजण्याजोगे आहे. पण त्या हळवेपणाला उत्तर म्हणून संहिता कापणे, आणि गौरवाच्या हौसेपोटी ती कापणे, यांचा परिणाम सारखाच होतो.

प्रारंभीच्या प्रश्नाकडे आता परत येता येईल. 'लीळाचरित्र' इंग्रजीत नेल्याने भटोबासांच्या नकाराचा भंग होत नाही. भंग होतो तो दोन प्रकारांनी : इंग्रजी वाचकासमोर लाज वाटून म्हाइंभटांनी ठेवलेले काही काढून टाकले तर, आणि इंग्रजी पान हेच संहितेचे अखेरचे मुक्कामाचे ठिकाण मानले तर. पहिल्या दोषातून आजची उत्तम भाषांतरे बऱ्याच अंशी मुक्त आहेत. दुसऱ्याचे उत्तर इंग्रजी भाषांतरकाराला देता येणार नाही. ते दायित्व मराठीच्या अभ्यासकांचे आहे. पाठभेदांसह, टीपांसह, आजच्या मराठीत सरळ वाचता येईल असे 'लीळाचरित्र', आणि मराठीतून अर्थ सांगणारा प्राचीन मराठीचा तितकाच विश्वसनीय कोश, या दोन गोष्टी झाल्या तर इंग्रजी भाषांतर हे अनेक दारांपैकी एक दार राहील. त्या होत नाहीत तोवर ओझरच्या नातीला इंग्रजीतून जावे लागेल आणि आजीला निरूपणकाराच्या तोंडाकडे पाहावे लागेल. भटोबासांनी केशिराजांना थांबविले तेव्हा त्यांच्यासमोर जी म्हातारी होती, ती अजून तेथेच बसलेली आहे.